रेल्वे नव्हती, तरी प्लेग युरोपभर कसा पोहोचला?

तुम्ही शाळेत इतिहास शिकवता आणि नववीतल्या एका मुलाच्या प्रश्नावर अडलात, असं लिहिलंय. त्याचा प्रश्न असा: १३४७ साली ना रेल्वे होती ना मोटार, मग सहा वर्षांत सिसिलीपासून मॉस्कोपर्यंत प्लेग गेला कसा? जोडीला तुमचे स्वतःचे दोन प्रश्न आहेत. तीन पुस्तकांत मृतांचे तीन आकडे दिसतात, त्यातला खरा कुठला? आणि प्लेगमुळे मजुरांचे दिवस पालटले, सरंजामशाही मोडली, असं सर्रास म्हटलं जातं. ते कितपत धरून चालावं?

मी इतिहासाची प्राध्यापक नाही. वैद्यकीय महाविद्यालयात साथरोगशास्त्र शिकवते आणि साथींच्या तपासासाठी खेडोपाडी हिंडले आहे. पण चौदाव्या शतकातला हा प्लेग दरवर्षी वर्गात घेते, कारण साथीचा तपास करताना जिथे जिथे पाय घसरतो त्या सगळ्या जागा त्यात आहेत. त्यामुळे उत्तर तपासणाऱ्याच्या नजरेतून देते.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गृहीत आहे: 'युरोपातला प्लेग' ही एक सलग घटना होती आणि तिचा एक वेग, एक मृत्युदर, एक परिणाम होता. तसं नव्हतं. जंतू एकच, पण साथी शेकडो. प्रत्येकीची तारीख वेगळी, यायची वाट वेगळी, आणि ती आली तेव्हा त्या गावात कोण कुणाच्या मुठीत होतं तेही वेगळं. म्हणून माझ्या उत्तरात 'ते गावावर अवलंबून आहे' हे वाक्य वारंवार येईल. टाळाटाळ समजू नका.

आधी पसरण्याचं बघू. पुस्तकांत बहुधा काफाची गोष्ट असते. काळ्या समुद्राच्या काठी क्रिमियात काफा नावाचं जेनोवाच्या व्यापाऱ्यांचं ठाणं होतं. १३४५-४६ मध्ये सुवर्ण टोळी या मंगोल राज्याचा खान जानीबेग त्याला वेढा घालून बसला होता. त्याच्या सैन्यात प्लेग शिरला, तेव्हा त्याने प्रेतं यंत्रांनी तटावरून आत फेकली, आणि पळालेल्या जेनोवावाल्यांनी रोग इटलीत आणला, अशी ती गोष्ट. मुलांना ती फार आवडते. पण ती लिहून ठेवणारा गॅब्रिएले दे मुसी हा इटलीतल्या पियाचेंझाचा नोटरी होता, आणि तो वेढ्याच्या वेळी काफात नव्हता. साथीच्या तपासात अशा साक्षीची आम्ही नोंद घेतो, पण भिस्त तिच्यावर ठेवत नाही. शिवाय काळाचं गणित बसत नाही. वेढा १३४६चा, आणि इटलीत रोग आला १३४७च्या शरदात. घाबरून पळालेली माणसं वर्षभर समुद्रावर काय करत होती?

या मधल्या वर्षाचा उलगडा धान्याच्या व्यापारातून जास्त चांगला होतो. १३४३ मध्ये डॉन नदीच्या मुखाशी असलेल्या तानात व्हेनिसच्या एका माणसाने स्थानिक माणसाला मारलं, त्यावरून जानीबेगने इटालियन व्यापाऱ्यांना हाकललं आणि व्यापार बंद पडला. त्याच सुमारास इटलीत पिकं बुडाली. १३४६-४७ मध्ये फ्लोरेन्ससारख्या शहरात भाकरीची मारामार झाली. १३४७ मध्ये तह झाला, बंदी उठली आणि काळ्या समुद्राकाठचं धान्य भरून जहाजं पुन्हा निघाली. धान्य म्हटलं की उंदीर आले, उंदीर म्हटले की पिसवा आल्या. थंड-दमट जागी पिसू उपाशीपोटीही काही आठवडे तगते. भेदरलेल्या पळपुट्यांपेक्षा भुकेल्या शहरांनी मागवलेला गहू मला जास्त पटतो. आपल्याकडेही १८९६ मध्ये मुंबईचा प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तो मांडवीत, गोदीला लागून असलेल्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत.

आता तारखा बघा. १३४७च्या मध्यापर्यंत कॉन्स्टँटिनोपल. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिसिलीतलं मेसिना. मिकेले दा पियाझ्झा हा फ्रान्सिस्कन साधू जेनोवाची बारा गलबतं आल्याचं लिहितो. वर्ष संपायच्या आत मार्सेय. जानेवारी १३४८ मध्ये जेनोवा, पिसा, व्हेनिस. मार्चच्या आसपास फ्लोरेन्स. उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मेलकम रेजिस, शरदात लंडन. १३४९ मध्ये नॉर्वेतलं बर्गेन. १३५२ मध्ये प्स्कोव आणि नोव्हगोरोद, आणि १३५३ मध्ये मॉस्को, जिथे थोरला राजा सिमिओन त्यातच गेला.

ही यादी नकाशावर मांडली की मुलाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर समोर दिसतं. तेलाचा डाग कापडावर पसरतो तसा हा रोग पसरला नाही. तो आधी बंदरं धरायचा, मग तिथून नद्या आणि हमरस्ते. जहाज वारा बरा असेल तर दिवसाला चाळीस किलोमीटर सहज कापायचं. जमिनीवर मोठ्या वाटेने रोगाची सरासरी चाल दिवसाला दोन-चार किलोमीटर पडते, आडवाटेला त्याहून कमी. म्हणजे वेग घोड्याचा नव्हता. एकाच वेळी दहा ठिकाणी ठिणग्या पडल्या म्हणून सगळं भराभर पेटल्यासारखं दिसतं. रेल्वे नव्हती, पण बाजारपेठा एकमेकींत गुंतलेल्या होत्या. मीठ, मासे, लोकर, द्राक्षदारू, गहू यांची ने-आण चालूच असायची.

यातली मॉस्कोची गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगते. काफा ते मॉस्को सरळ रेषेत साधारण बाराशे किलोमीटर. पण रोग त्या वाटेने मॉस्कोला गेला नाही. तो भूमध्य समुद्र, फ्रान्स, इंग्लंड, बाल्टिक असा अख्ख्या युरोपाला वळसा घालून सहा-सात वर्षांनी वायव्येकडून रशियात शिरला. जवळचं गाव वाचलं आणि लांबचं सापडलं, कारण लांबच्या गावाशी व्यापार होता. उलट टोकाला आइसलँड: या साथीतून ते बेट सुटलं आणि त्याला प्लेग लागला तो थेट १४०२ मध्ये. जहाजं तुरळक आणि प्रवास लांबचा. वाटेतच आजारी माणसं एक तर मरायची, नाही तर बरी व्हायची.

इथे एक गाठ आहे, ती लपवून पुढे जाता येणार नाही. प्लेग कसा चालतो याचं आपलं बरंचसं ज्ञान मुंबईतून आलं आहे. येर्सां या जंतुशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये हाँगकाँगला जंतू शोधला, सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत पिसवेचा हात दाखवला, आणि १९०५ पासून पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी ते पक्कं केलं. गिनीपिगांचे पिंजरे त्यांनी जमिनीलगत ठेवले आणि पिसवेच्या उडीच्या टप्प्याबाहेर वर टांगले. खालचे मेले, वरचे जगले. साखळी अशी ठरली: आधी उंदीर मरतात, मग उपाशी पिसवा माणसाकडे वळतात, आणि दहा-पंधरा दिवसांनी माणसाच्या जांघेत किंवा काखेत गाठ येते. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे पुस्तकाविना कळलेलं होतं. घरात उंदीर पडायला लागले की चूल-बोळकी उचलून लोक माळावर झोपड्यांत राहायला जात.

हा साचा १३४८ वर जसाच्या तसा बसवायला गेलं की तो दोन-तीन जागी दाटतो. हिंदुस्थानात प्लेग आगगाडीने एका शहरातून दुसऱ्या शहरात चटकन उडी मारायचा, पण पुढे गावोगाव सरकताना वर्षं लावायचा. पंजाबात त्याने सर्वांत मोठा कहर केला तो १९०७ मध्ये, मुंबईनंतर अकरा वर्षांनी. मोठ्या शहरांत वाईटात वाईट वर्षीही प्लेगचे बळी शंभरामागे तीनच्या आसपास राहिले. युरोपात मात्र एकेका उन्हाळ्यात गावातला तिसरा हिस्सा गेला. आणि इतक्या बखरी, पत्रं, दफ्तरं धुंडाळली तरी घराघरांत उंदरांचा खच पडल्याचं वर्णन १३४८च्या युरोपात जवळपास सापडत नाही. एवढी ठळक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून निसटली असेल का?

म्हणून काही अभ्यासक बरीच वर्षं म्हणत होते की तो रोग प्लेग नव्हताच, दुसराच काहीतरी होता. तो वाद आता मिटला आहे. लंडनला ईस्ट स्मिथफील्डमध्ये १३४८-५० च्या बळींसाठी काढलेलं दफनस्थान आहे. तिथल्या सांगाड्यांच्या दातांतून २०११ मध्ये जंतूची सगळी जनुकीय मांडणी वाचली गेली आणि तो येर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच जंतू निघाला. २०२२ मध्ये किर्गिझस्तानातल्या इसिक-कुल सरोवराजवळच्या दफनभूमीतही तोच सापडला. तिथले थडग्यांचे दगड फार बोलके आहेत. तारीख असलेल्या ४६७ दगडांपैकी ११८ एकट्या १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांचे, आणि काहींवर सिरियाक लिपीत 'साथीने मेला' असं कोरलेलं.

जंतू तोच, मग वेग का निराळा? मला वाटतं, वाहून नेणारे एकाहून जास्त होते. २०१८ मध्ये ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या साथींचे मृत्यूचे आलेख तीन गणिती नमुन्यांशी ताडून पाहिले: उंदरावरची पिसू, हवेतून श्वासावाटे, आणि माणसाच्या अंगावरची पिसू व ऊ. बहुतेक ठिकाणी तिसरा नमुना जास्त जुळला. थंडीत एकाच घोंगडीखाली झोपणारं कुटुंब, मेलेल्याचे कपडे अंगावर चढवणारे नातलग आणि विकत घेणारे जुने-बाजारवाले डोळ्यांपुढे आणले की हे पटतं. गणिती नमुना हा पुरावा नव्हे, हेही सांगून ठेवते. तो फक्त कुठल्या दिशेला शोधायचं ते दाखवतो.

फुप्फुसाच्या प्लेगचाही वाटा होता, निदान काही ठिकाणी. दक्षिण फ्रान्समधल्या अविन्योंला तेव्हा पोपचं ठाणं होतं आणि गी द शोलियाक हा त्याचा वैद्य. त्याचं टिपण मी आजच्या कुठल्याही केस-रिपोर्टच्या पंक्तीला बसवीन. तो लिहितो की जानेवारी १३४८ पासून पहिले दोन महिने सततचा ताप आणि रक्ताची थुंकी होती, माणसं तीन दिवसांत मरत होती. पुढे तापासोबत काखेत-जांघेत गाठी येऊ लागल्या आणि माणसं पाच दिवसांत मरू लागली. हिवाळ्यात फुप्फुसाचा, उन्हाळ्यात गाठीचा, असा नेमका ऋतूचा फरक त्याने टिपला, तोही जंतू ठाऊक नसताना. त्याला स्वतःलाही गाठ आली होती; सहाएक आठवडे पडून राहून तो वाचला. वैद्यांचा काही उपयोग झाला नाही, हे त्याने सरळ लिहून ठेवलं आहे. त्याच सालच्या ऑक्टोबरात पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने राजाला दिलेला अहवाल मात्र १३४५च्या मार्चमध्ये कुंभ राशीत झालेल्या शनी-गुरू-मंगळाच्या युतीला दोष देतो.

तेव्हा मुलाला उत्तर देताना 'उंदरांमुळे' एवढ्यावर थांबू नका. लांबची उडी जहाजाची, धान्याची, उंदराची. गावातला भडका बहुधा माणसाच्या अंगावरच्या पिसवांचा, आणि थंडीत खोकल्याचा.

आता आकडे. अडीच कोटी, एक तृतीयांश, साठ टक्के असे तीन आकडे तुम्ही दिलेत. माझा पहिला प्रश्न नेहमीचाच: छेद कुठून आणला? मृत्यूचं प्रमाण काढायचं तर वर मेलेले आणि खाली एकूण माणसं लागतात. चौदाव्या शतकात जनगणना नव्हती. म्हणजे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी खालचा आकडा अंदाजाचा आहे, आणि पुष्कळदा वरचाही. बखरकार लाखांच्या गोष्टी करतात. त्यातून भीती किती होती ते कळतं, मोजणी कळत नाही.

जिथे खरी मोजणी आहे अशी ठिकाणं थोडी आहेत, आणि त्यांतलं माझं आवडतं म्हणजे फ्रान्समधल्या बर्गंडीतलं गिव्री. दीड ते दोन हजार वस्तीचं गाव. तिथल्या चर्चने दफन आणि लग्नं यांची वही ठेवली होती, कारण प्रत्येकाचे पैसे यायचे. हिशेबाच्या वह्या भाविक वर्णनांपेक्षा जास्त विश्वासाच्या असतात, हा माझा अनुभव. प्लेगआधीच्या वर्षांत तिथे वर्षाला तीसेक दफनं होत. १३४८च्या ऑगस्टमध्ये ११० झाली, सप्टेंबरमध्ये ३०२, ऑक्टोबरमध्ये १६८ आणि नोव्हेंबरच्या १९ तारखेपर्यंत ३५. तिथे नोंद तुटते. साडेतीन महिन्यांत ६१५ माणसं, म्हणजे वीस वर्षांची मरणं एका मोसमात. लग्नांचा रकाना त्याहून विलक्षण आहे: १३४८ मध्ये एकही लग्न नाही, १३४९ मध्ये ८६. विधवा, विधुर, एकाएकी जमिनीचे वारस झालेले तरुण. हा रकाना दाखवल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती कुठल्याही टक्केवारीने पसरत नाही.

दुसरं साधन म्हणजे इंग्लंडमधल्या बिशपांची दफ्तरं. धर्मोपदेशकाची जागा रिकामी झाली की नवी नेमणूक लिहावी लागे. त्यावरून त्या वर्गातले शंभरात चाळीस-पंचेचाळीस गेले असं निघतं. पण हे लोक मरणाऱ्याच्या उशाशी बसणारे, बरेचसे उतारवयाचे. शिवाय काही जागा राजीनाम्यानेही रिकाम्या झाल्या. त्यांचं प्रमाण सगळ्या देशाला लावता येईल का? जपूनच. तिसरं साधन १३७७चा डोईपट्टी कर: चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाला चार पेन्स. साधारण पावणेचौदा लाख लोकांनी तो भरला. मुलं, भिकारी, चुकवणारे मिळवून इंग्लंडची वस्ती पंचवीस लाखांच्या आसपास धरतात. प्लेगआधीची पंचेचाळीस ते साठ लाख धरली जाते. घट निम्म्याच्या आसपास दिसते, पण ती एका साथीची नाही. १३६१, १३६९, १३७५ या साथी मध्ये येऊन गेल्या होत्या, आणि १३६१ची साथ तर लहान मुलांवर इतकी उलटली की तिला लोक मुलांची मरी म्हणू लागले. पहिल्या साथीत इंग्लंडने चाळीस टक्क्यांच्या आगेमागे माणसं गमावली असावीत, एवढं मी वर्गात सांगते.

सगळ्या युरोपाला एकच टक्का लावायला मात्र माझा विरोध आहे. २०२२ मध्ये १९ देशांतल्या २६१ ठिकाणच्या तळ्यांच्या आणि दलदलीच्या गाळातले परागकण मोजून एक अभ्यास झाला. शेती करणारी माणसंच उरली नाहीत तर गव्हाचे परागकण कमी होतात आणि रान वाढतं, हा त्यामागचा विचार. मध्य इटली, फ्रान्सचे काही भाग, स्कँडिनेव्हिया इथे शेती मोडल्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या. पोलंड, बाल्टिक आणि स्पेनच्या काही भागांत शेती चालू राहिली किंवा वाढलीसुद्धा. म्हणून तुमच्या तीन पुस्तकांचं भांडण सोडवायचं तर 'एक तृतीयांश ते निम्मे, आणि ठिकाणागणिक प्रचंड फरक' असं म्हणा. साठ टक्के हा आकडा देणारे अभ्यासक आहेत, पण त्यांची भिस्त मोजकी दफ्तरं असलेल्या भागांवर आहे, आणि दफ्तरं असतात ती दाट वस्तीच्या, रस्त्यावरच्या गावांची.

तुम्ही विचारलेलं नाही, पण एक गोष्ट वर्गात वगळू नका. 'विहिरींत विष कालवलं' या आरोपावरून ज्यूंच्या कत्तली झाल्या. सव्हॉयमध्ये १३४८च्या सप्टेंबरात छळ करून कबुलीजबाब घेतले गेले आणि त्यांच्या नकला गावोगाव फिरल्या. ९ जानेवारी १३४९ला बाझेल, १४ फेब्रुवारीला स्ट्रासबुर्ग. स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळलं तेव्हा प्लेग तिथे अजून पोहोचलाही नव्हता. अफवा रोगाच्या पुढे धावत होती. 'ज्यूसुद्धा याच रोगाने मरत आहेत, मग ते विष कसं कालवतील' असं पोप क्लेमेंट सहावा फर्मान काढून सांगत होता. ऐकलं फार थोड्यांनी. मारणाऱ्यांनी ज्यूंकडून घेतलेली कर्जं त्यात आपोआप माफ झाली, हेही सांगावं. साथीच्या तपासाला जाताना आम्ही आजही गावात कुणावर बोट दाखवलं जातंय ते पहिल्या दिवशीच विचारून घेतो.

त्याच काळात शहाणपणही दिसतं. इटलीतल्या पिस्तोयाने मे १३४८ मध्ये नियम केले: पिसा आणि लुक्काकडे जायचं नाही, तिकडून यायचं नाही, बाहेरचं जुनं लोकरी किंवा लिननचं कापड गावात आणायचं नाही, प्रेत बंद पेटीतूनच न्यायचं. कारण चुकीचं ठाऊक होतं, दुर्गंधी आणि दूषित हवा. पण कापडावरची बंदी नेमकी पिसवेवर बसली. १३७७ मध्ये रागुझाने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, साथीच्या भागातून येणाऱ्यांना शहराबाहेर तीस दिवस थांबवायचा कायदा केला. पुढे त्याचे चाळीस झाले, आणि १४२३ मध्ये व्हेनिसने एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचं रुग्णालय उभारलं.

शेवटचा प्रश्न मजुरीचा. हे माझं मूळ क्षेत्र नाही, पण इथेही कारण-परिणामाची शिस्त तीच लागते. माणसं कमी झाली म्हणून मजुरी वाढली, मजुरी वाढली म्हणून वेठ संपली, हे वाक्य कानाला गोड लागतं. पण १८ जून १३४९ला, साथ अजून ओसरली नव्हती तेव्हाच, इंग्लंडच्या राजाने हुकूम काढला की साठ वर्षांखालच्या धडधाकट माणसाने मिळेल ते काम करावं आणि १३४६ मध्ये होती तीच मजुरी घ्यावी. १३५१ मध्ये पार्लमेंटने त्याचा कायदा केला. जास्त मागणाऱ्यांना दंड झाले, खोडे लागले. लोक तरी जास्त मागत राहिले आणि जमीनदारही गुपचूप देत राहिले, कारण उभं पीक शेतात सडत होतं. मात्र पैशांत वाढलेली मजुरी पहिली पंचवीसएक वर्षं महागाईने खाल्ली. धान्याचे भाव १३७५च्या सुमारास उतरले तेव्हा मजुराच्या ताटात फरक दिसायला लागला. म्हणजे प्लेगमधून वाचलेल्या पिढीच्या वाट्याला सुबत्ता फारशी आली नाही. ती त्यांच्या मुला-नातवांना मिळाली. १३७८ मध्ये फ्लोरेन्सचे लोकर कामगार उठले, १३८१ मध्ये इंग्लंडचे शेतकरी. दोन्ही बंडं मोडली गेली. इंग्लंडमधली वेठ मोडली नाही, ती झिजत गेली आणि पंधराव्या शतकात विरली.

आता नकाशाच्या दुसऱ्या बाजूला बघा. एल्बे नदीच्या पूर्वेला, प्रशिया आणि पोलंडमध्ये, पुढच्या दोन शतकांत शेतकऱ्यांवरची वेठ उलट आवळत गेली. इजिप्तमध्येही प्लेगने तितकीच माणसं खाल्ली, पण तिथे नाईलचे कालवे राखायला हात उरले नाहीत, शेती खचली, आणि उरलेल्या शेतकऱ्यावर मामलुक सरदारांनी वसुलीचा बोजा वाढवला. मजूर कमी झाला की त्याची किंमत वाढते, हे खरं तेव्हाच ठरतं जेव्हा तो एका मालकाला सोडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये तो रात्रीतून शेजारच्या जमीनदाराकडे निघून जाऊ शकत होता आणि तो जमीनदार त्याला दडवून ठेवत होता. पूर्वेला जमीनदारांनी एकी केली आणि पळालेला शेतकरी परत धाडला. मजुरांचं जे काही भलं झालं ते मालकांच्या आपापसांतल्या फुटीमुळे, असं मी म्हणेन. प्लेगने फक्त त्या फुटीला वाव दिला.

जाता जाता, वर्गात काय करावं तेही सांगते. पुस्तकातला बाणांचा नकाशा फळ्यावर काढू नका, त्याने आक्रमण करणारं सैन्य डोळ्यांपुढे येतं. कोरा नकाशा द्या आणि वर दिलेल्या गावांपुढे फक्त महिना-साल लिहायला सांगा. मग विचारा, काफाहून मॉस्कोला पोहोचायला सात वर्षं आणि मेलकम रेजिसला दोनच वर्षं का लागली असतील. तुमचा तो प्रश्न विचारणारा मुलगा बंदरांवर बोट ठेवेल. ठेवलं नाही तर त्याला गिव्रीचे चार आकडे द्या आणि आलेख काढायला सांगा. सप्टेंबरचा कळस बघून तो पुढचे प्रश्न स्वतःच विचारेल.